सुक्रेतील अनोळखी सुहृदांचे आभार

चार हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या पोतोसीतून उतरून, बोलिव्हियातील सुक्रे या पांढऱ्याशुभ्र वसाहतकालीन शहरात आम्ही पाठीवरचे ओझे उतरवले, तेव्हा ज्यांनी आमचा विसावा सुखाचा केला, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. मध्यवर्ती बाजारात पेला रिकामा होताच न मागता पुन्हा रस ओतणाऱ्या मावशींचे (सीताफळाच्या भावंडाचा, म्हणजे चिरिमोयाचा, तो रस केवळ अप्रतिम होता!) आणि १८२५ साली बोलिव्हियाचे स्वातंत्र्य जिथे घोषित झाले, त्या ‘कासा दे ला लिबेर्ताद’ या वास्तूत आमच्या मोडक्या स्पॅनिशसाठी प्रत्येक वाक्य सावकाश उच्चारणाऱ्या मार्गदर्शक ताईंचे आम्ही विशेष ऋणी आहोत. टेकडीवरच्या रेकोलेता मठाकडे जाणाऱ्या चढावर धाप लागली असता पाणी देणाऱ्या विद्यार्थ्यांनाही धन्यवाद.