मंत्रिमहोदय, माझी आई जिवंत आहे

माननीय केंद्रीय कामगार मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय 71. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, त्याचं ईपीएस-95 चं, म्हणजे पीएफ कापलेल्या कामगारांच्या 1995 च्या योजनेचं, पेन्शन मिळतं. म्हणजे मिळत होतं. हयातीचा दाखला लागला नाही म्हणून तीन महिने बंद आहे.

दाखला का लागला नाही? तेंदूपत्ता चोळून अन्‌ दोरा आवळून तिच्या अंगठ्यावरच्या रेघाच गेल्यात. यंत्राला ठसा सापडत नाही. शिबिरात आलेल्या साहेबांनी शब्द दिला, "आजी, आम्ही घरी येऊन करून देऊ." दिवाळी गेली, संक्रांत गेली, साहेब काही उगवले नाहीत.

मग म्हणाले, मोबाईलवर चेहरा दाखवा. शेजारच्या पोराचा फोन घेतला. गोलात तोंड धरायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायची. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेडाकडे बघितलं की पाणी येतं. मी म्हणते मिट, ती पदर लावते. पदर लावला की गोल लाल. अकरा वेळा. शेवटी म्हणाली, "राहू दे गं, मेले असं लिही त्यांना."

तुमचे लोक भाषणात सांगतात, जनतेनं डिजिटल सेवा स्वीकारल्या. साहेब, स्वीकारल्या कशाला म्हणायचं? मंगळवार बाजारातल्या भाजीवालीनं क्यूआर कोड लावला, तो सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून. पैसे आल्याचं डबा ओरडून सांगतो, म्हणून तिचा विश्वास बसला. आणि कुणी नोट दिली तर ती नोटही घेते! तिला कुणी सक्ती केली नाही. आईच्या बाबतीत तुम्ही बाकीची दारं बंद केली आणि उरलेल्या दारातून ती गेली, तर म्हणता बघा, आवडलं. तेही तिनं नाही, शेजारच्या पोरानं स्वीकारलंय. एका वेळचे 50 रुपये घेतो. आमच्या चाळीत पेन्शनवाल्या अकरा बायका, त्यातल्या सात जणींचा ठसा उमटत नाही. दोघींचं मला नक्की माहीत नाही, तरी सातच धरा.

बँकेत गेलो तर म्हणतात ऑनलाइन करा. ऑनलाइन अडलं की म्हणतात बँकेत विचारा. 2021 ला लशीसाठीही हेच. आधी फोन असलेले, मग आम्ही.

आणि हे सगळं कशासाठी, तर महिन्याच्या 1000 रुपयांसाठी. किमान पेन्शन 2014 साली हजार झालं. डिजिटल हयातीचा दाखलाही त्याच 2014 चा. दाखला अंगठ्यावरून चेहऱ्यावर आला, हजाराचे मात्र हजारच राहिले. महिन्याला 7500 पेन्शन मागणारे म्हातारे वर्षानुवर्षं उपोषणाला बसतात. त्यांची हयाती तरी तुम्हाला दिसते का?

मागणी एवढीच: ठसा किंवा चेहरा जुळला नाही तर तिथल्या तिथे, बँक मॅनेजरच्या सहीचा कागद बिनबोभाट घ्यावा. अडकलेले तीन हजार द्यावेत. घरी येतो म्हणणाऱ्यांनी यावं.

आले तर सकाळी यावं. पेन्शन थांबल्यापासून आईनं पुन्हा विड्या वळायचं सूप मांडीवर घेतलंय, दुपारी ती विड्या द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला जाते. तिथे तिला जिवंत असल्याचा दाखला मागत नाहीत, विड्या मोजून घेतात.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी, सोलापूर