आकडा पाजलेल्या मेंढ्यांचा नको, मेलेल्या जंतांचा हवा

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोहिमेच्या दिवशी साऱ्या कळपाला एकच जंतनाशक एकाच मापाने पाजायचे आणि किती मेंढ्या झाल्या तो आकडा वर पाठवायचा, ही पद्धत आपण बंद करावी, यासाठी हे पत्र. त्या आकड्यावरून जंत मेले की नाही, हे कुणालाच कळत नाही.

लहान कळपवाल्याला खरी धास्ती असते हिमोन्कसची. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून हा जंत रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, म्हणजे ५,००० जंत असले तर रोजचे पाव लिटर रक्त गेले. बरेचदा हगवणही लागत नाही, त्यामुळे मेंढी धडधाकट वाटते. मग जबड्याखाली पाणी उतरते. कोकरांना तर तेवढाही अवधी मिळत नाही.

औषध हवेच, याबद्दल वादच नाही. पण ते टिकायलाही हवे. थायाबेंडाझोल १९६१ साली आले आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणारा हिमोन्कस नोंदला गेला. पुढे आयव्हरमेक्टिनचेही तेच झाले. औषधातून जो जंत वाचतो त्याचीच पिलावळ वाढते, आणि वजन न करता अंदाजाने पाजले की थोराड मेंढीला मात्रा कमी पडून असे जंत हमखास वाचतात. त्यातच सगळ्यांना सरसकट पाजले की औषधाने मरू शकणारे जंत कळपात उरतच नाहीत, मागे राहतात ते फक्त चिवट.

वास्तविक बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. त्या ओळखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत ‘फमाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता तयार झाला. खालची पापणी ओढायची आणि आतला रंग तक्त्यावरच्या पाच छटांशी ताडून पाहायचा. लाल असेल तर सोडून द्यायचे, पांढुरकी दिसली की पाजायचे. रक्त न पिणारे जंत यात कळत नाहीत, त्यांना लेंडी तपासणीच लागते.

घाईचेही बोलले पाहिजे. मेंढीचे तोंड वर खेचून भराभर पाजले की औषध फुप्फुसात जाते आणि मेंढी दगावते. नर कळपात कधी सोडला होता, हे मोहिमेत कोण विचारतो? गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल दिले तर गर्भात व्यंग येऊ शकते. हा प्रश्न विचारल्याशिवाय बाटलीचे बूच उघडूच नये, असा नियम करा.

दर दवाखान्याला वजनकाटा, हा तक्ता आणि लेंडीतली अंडी मोजू शकणारा माणूस द्या. औषध पाजताना एकदा आणि १४ दिवसांनी पुन्हा अंडी मोजली की औषध चालते की नाही ते कळते. घट ९५ टक्क्यांहून कमी आली तर ते त्या कळपात निकामी होऊ लागले आहे असे धरावे लागते. हा आकडा आपल्या टेबलावर यायला हवा.

सगळे एकदम जमणार नसेल, तर पुढच्या मोहिमेआधी निदान लेंडी तपासणीचा आदेश काढा. नमुने गोळा करून दवाखान्यात पोहोचवायचे काम आम्ही करू.

आपला,
एक मेंढीपालक