नॉक्टिल्युकाला नुसतं शेवाळ कसं म्हणता?

संपादक साहेब, किनाऱ्यावर रात्री निळा उजेड दिसला की 'चमकणारं शेवाळ' अशी बातमी ठरलेली, पण तो उजेड पाडणारा नॉक्टिल्युका हा डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांच्या गटातला एकपेशीय जीव, शास्त्रज्ञांच्या यादीत शैवालांसोबत असतो खरा पण स्वतः अन्न न बनवता दुसऱ्या सूक्ष्म जीवांना गिळतो. १८१० मध्ये मॅकार्टनी या शास्त्रज्ञाने तर याला चक्क जेलीफिशमध्ये टाकलेलं, आजचं पूर्ण शास्त्रीय नाव १९२१ सालचं, कोफॉइड आणि स्वेझी या शास्त्रज्ञांनी दिलेलं. अरबी समुद्रातल्या हिरव्या प्रकाराच्या पोटात मात्र बारीक हिरवी शैवालं जिवंत राहतात, भाडेकरूच म्हणा ना! आम्ही गुहागरला पाण्यात पाय आपटले तर घोट्याभोवती निळं कडं उमटलं, पोरं झोपायलाच तयार नव्हती. निदान पुढच्या बातमीत नाव तरी नीट छापा.

– एक वाचक, चिपळूण