मनू, वजनकाट्याच्या त्या दिवसाबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू शेजारच्याच खोलीत झोपली आहेस आणि तरी मी हे कागदावर लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तू मान फिरवून भिंतीकडे पाहत राहिलीस. पत्र तुला हवे तेव्हा वाचता येईल आणि नको वाटेल तिथे थांबताही येईल.

मला पहिली शंका आली ती डब्यावरून. सलग चार दिवस कळण्याची भाकरी सकाळी जशी दुमडून दिली होती तशीच संध्याकाळी परत आली. ठेच्याला बोटसुद्धा लागलेले नव्हते. मग ऑक्टोबरच्या उन्हात, अंगणातल्या पत्र्याला हात लावता येत नाही अशा दुपारी, तू निळ्या स्वेटरची गळ्यापर्यंत बटणे लावून घरी आलीस. त्या रात्री तुझ्या मैत्रिणीच्या आईकडून कळले की आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले होते, तुझे वजन सरांनी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले, वर “दोघींचा शिधा एकटीच खातेस का?” असे विचारले, आणि मुले हसली.

मनू, तुला ठाऊकच आहे की मी इतकी वर्षे अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजने घेते. काट्यावरचा आकडा मी नोंदवते आणि आईला बाजूला घेऊन सांगते. ज्या बाळाची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली, त्याच्या आईलाही मी चारचौघींत काही म्हणत नाही, कारण तसे केले की ती पुढच्या महिन्यात बाळाला आणतच नाही आणि ज्याच्यासाठी काटा टांगला ते कामच राहून जाते. वजन घेण्याचा हेतू मुलाची वाढ पाहणे हा आहे. तो आकडा तुझा, आपल्या घराचा आणि डॉक्टरांचा, वर्गाचा नव्हे.

आणि नुसत्या आकड्यावरून काही ठरतही नाही. वजन हे वय आणि उंचीबरोबर पाहायचे असते, आणि तेही एका दिवसाचे नाही, काही वर्षांची रेघ कशी चालली आहे ते. तुझ्या वयात मुलींची वाढ मुलांच्या साधारण दोन वर्षे आधी जोर धरते. पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात अंग भरते, कमरेशी बदल होतो, आणि ते शरीराचे ठरलेले काम आहे. याच दिवसांत जेवण सोडले तर रक्त कमी होते, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तुझ्या मनात शंका असेल तर आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. तिथे तू स्वतः विचार, मी बाहेर थांबेन.

आता मी काय केले ते सांगते, कारण तुझ्याविषयीची गोष्ट तुझ्यापासून लपवून करायची नाही. मी शाळा सुटल्यावर सरांना एकटे भेटले. त्यांनी तुला जसे सगळ्यांसमोर बोलून दाखवले तसे मला त्यांना बोलायचे नव्हते. ते म्हणाले, गमतीने बोललो, तिच्या भल्यासाठीच. मी म्हटले, “सर, भल्याचे असेल तर मला बोलावून सांगा. तिच्या अंगाबद्दल वर्गात एक शब्दही नको.” ते काही वेळ गप्प बसले आणि मग “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. त्यात दोनच मागण्या आहेत: यापुढे वजन-उंची आडोशाला घ्यावी व मोठ्याने वाचू नये, आणि या अर्जामुळे तुझ्याशी वर्गात वेगळे वागले जाऊ नये. दुसरी मागणी तुझ्या भीतीसाठी घातली, कारण “सर मग माझ्यावर राग काढतील” हे तू आजीला म्हणाल्याचे मला कळले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शाळेत मुलांना मारण्याबरोबर त्यांचा मानसिक छळ करण्यालाही मनाई आहे. पुन्हा असे घडले तर मी शाळा व्यवस्थापन समितीत आणि गरज पडल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईन. तुला उत्तर द्यावेसे वाटले तर “सर, माझ्या अंगाबद्दल बोलू नका” एवढे पुरे. आवाज फुटला नाही तर गप्प राहा आणि घरी येऊन मला सांग. कोणी अंगाबद्दल वेगळ्या नजरेने बोलले किंवा हात लावला, तर मात्र त्याच दिवशी सांग, मग ते कोणीही असो.

एक गोष्ट लिहायला मला जड जाते आहे. आखाजीला लिंबाला झोका बांधला होता, तू बसलीस आणि मामा म्हणाला, “दोर तपासा रे, नाहीतर फांदी जाईल.” सगळे हसले, मीही हसले. तू दोन झोके घेऊन उतरलीस आणि त्या दिवशी पुन्हा बसली नाहीस. मी ते पाहिले होते आणि पुरणपोळ्यांच्या गडबडीत सोडून दिले. सरांचा शब्द तुला इतका खोल लागला, कारण तसला शब्द तुला घरात आधीच ऐकावा लागला होता. मी मामाला फोन करून सांगितले आहे, आजीलाही “ढोली” म्हणायचे नाही असे बजावले आहे. आणि मी हसले, त्याबद्दल मला क्षमा कर.

उद्या डब्यात भरीत आणि भाकरी आहे, भरताची वांगी तुझ्या आवडीची, हिरवी. स्वेटर धुऊन तुझ्या कपाटात वरच्या बाजूला ठेवला आहे. हवा असेल तर घाल, मी काही विचारणार नाही.

तुझी,
आई