गुंतवळ: शैलाला पत्र

प्रिय शैले,

तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, ते आता जमेस धरायचं नाही. तुझ्या बदलीचं कळलं, सामान बांधायला घेतलं असशील. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर. फोनवर बोलले असते तर घरभर ऐकू गेलं असतं, म्हणून लिहितेय.

आमची बाथरूम तुंबली होती. हसू नकोस, पुढे वाच.

आधी पाणी नुसतं रेंगाळायचं, मग घोट्यापर्यंत यायला लागलं. बाहेर येणारा प्रत्येक जण आपल्या आधी कोण गेलं होतं ते विचारायचा. ह्यांचं एकच, "अ‍ॅसिड ओता, विषय संपला." मी म्हटलं, बाटलीला हात लावाल तर बघा. मंजूने मला न विचारता पाइप साफ करायची पावडर टाकून ठेवलेली (मंजू बदललेली नाही, तशीच आहे), आणि त्या पावडरीत असतो कॉस्टिक सोडा. त्यावर अ‍ॅसिड पडलं की उसळून तोंडावर येतं. आणि कुणी फरशी पुसताना ब्लीच ओतलेलं असेल, तर अ‍ॅसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, तोही दार लावलेल्या बाथरूममध्ये. रसायनशास्त्राच्या तासाला तू झोपायचीस आणि मी दोघींचं लिहून घ्यायचे, ते असं कामाला आलं.

तू पाठवलेला सोडा-व्हिनेगरचा उपायही केला हो. फेस झकास येतो. दोघं एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं खारट पाणी. केसाला त्याचं काय सोयरसुतक? कॉस्टिक निदान केस खातो, पण गोळा मोठा असला तर वरवरचा खातो आणि उरलेला पुढे सरकून वळणावर बसतो. उकळतं पाणी मी ओतू दिलं नाही. पाइप पीव्हीसीचा, मऊ पडून सांधा सुटला तर ते कोण निस्तरणार? एक प्लंबर आला, खाली वाकलासुद्धा नाही, म्हणाला फरशी फोडावी लागेल. त्याला वाटेला लावलं.

मग मीच बसले. हातमोजे, टॉर्च, आणि ती काटे असलेली प्लास्टिकची लांब पट्टी. स्क्रू काढून जाळी उचलली, तर तिच्या खालच्या बाजूलाच केस विणून बसलेले. नहाणी ट्रॅपमधली वाटी काढली आणि नाकाला पदर लावला. तिच्या कडेने साचलेलं पाणी असतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही, हे ती काढल्यावरच पटतं. पट्टी आत घातली, फिरवली, सावकाश ओढली. घाईत ओढलं की गुंता तुटतो आणि अर्धा आतच राहतो. बाहेर आलं ते बुडून मेलेल्या उंदरासारखं: राखाडी, बुळबुळीत. पाण्यातल्या क्षारांशी साबण मिळाला की असा चिकटा होतो, आणि तोच केसांना धरून ठेवतो.

टाकून द्यायच्या आधी तो गोळा मी नळाखाली धरला. का, ते विचारू नकोस. चिकटा गेला आणि केस सुटे झाले. माझे नव्हतेच, माझ्या केसांचे रंग आणि मुळं तुला ठाऊक आहेत. लांब, काळेभोर, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या टोकाला बारीक पांढरा गड्डा. म्हणजे तुटलेले नव्हेत, मुळापासून गळलेले. मुक्ताचे.

आता मला सगळं दिसायला लागलंय. आंघोळीला सगळ्यात शेवटी जायचं, बाहेर यायला वेळ लावायचा, जाळीवर एक केस म्हणून सापडायचा नाही. ह्यांना वाटतं पोरीला शिस्त लागली. ती वरचं गुंतवळ गोळा करून कागदात गुंडाळून नेते, पण खाली जातं ते तिच्या हाती कसं लागणार? वेणी घालणं सोडलंय, केस वर बांधून टाकते. मी विचारलं की "काही नाही, उकडतं." डॉक्टरांचं नाव काढलं की "मला काय झालंय?"

दिवसाला 50 ते 100 केस तुझे-माझे सगळ्यांचेच जातात. पण तिला तो मोठा ताप येऊन गेला ना, त्याला आता दोन-अडीच महिने होतील. अशा तापानंतर बरेचसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात, तोवर ताप विसरलेला असतो. बहुतेकींचं काही महिन्यांत थांबतं, केस परत येतात. हे मला माहीत आहे. तिला माहीत असेल असं वाटत नाही, आणि आईने सांगितलं की ती समजूत घालणं होतं.

तुझं आठवतं का? ओंकार चार महिन्यांचा होता आणि तू कपाटाच्या आरशाला वर्तमानपत्र लावलं होतंस. मला सोडून कुणाला सांगितलं नाहीस. म्हणून तुलाच लिहितेय.

होस्टेलवर तू न्हाताना केस भिंतीच्या टाइल्सना चिकटवून ठेवायचीस. "जाळीत जाऊ नयेत म्हणून." कबूल, जात नव्हते. पण ती नक्षी सोलून कोण काढायचं? ते भांडण मी अजून मिटलं असं मानत नाही.

यापुढे तुंबू नये याचा उपाय सोपा आहे. जाळीवर बारीक छिद्रांची गाळणी ठेवायची, आंघोळ झाली की ज्याने त्याने केस उचलून कचऱ्यात टाकायचे (कमोडमध्ये नव्हे, हे मंजूला सांगावं लागलं). न्हायच्या आधी कोरडे केस विंचरून घ्यायचे. आठवड्यातून एकदा वाटी काढून धुवायची. पण गाळणी बसवली की तिचे केस रोज सगळे वरच दिसणार. तिला आणखी वेळ लागणार, बाहेरून कुणीतरी दार वाजवणार, आणि हे काहीतरी विनोद करणार. त्यांच्या विनोदाची मला जास्त भीती वाटते.

तर तू तिला फोन कर. बदलीचं निमित्त आहेच. बोलता बोलता तुझं तेव्हाचं सांग, ते वर्तमानपत्रासकट. ट्रॅपबद्दल चकार शब्द काढू नकोस. तुझं ऐकून ती डॉक्टरांकडे जायला तयार झाली तर उत्तमच, थायरॉइड आणि रक्त एकदा तपासलेलं बरं. गाळणी आणून कपाटात ठेवली आहे, तुमचं बोलणं झालं की बसवते.

ओंकारच्या परीक्षेचं काय झालं? भाऊजींचा डोळा? दोन ओळीत कळव.

तुझी,
सुमा

ता. क. नव्या घरात सामान लावायच्या आधी बाथरूमच्या जाळीचे स्क्रू फिरतात का ते बघ. आमच्याकडचा एक गंजला होता, अर्धा तास त्यातच गेला.