सगळेच गेम जुगाराचे नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेमच्या विळख्याबद्दलचा आपल्या अंकातला लेख वाचला. पत्त्यांवर पैसे लावणारे, क्रिकेटच्या टीम लावणारे आणि घरात बसून नुसता खेळ खेळणारे असे सगळे त्यात एकाच दावणीला बांधले आहेत. पैशांच्या खेळांबद्दल लेखकाने लिहिलंय ते मला मान्य आहे. आमच्या मोल्डिंगवरच्या एका पोराने मोबाइलवरच्या पत्त्यांत दिवाळीचा बोनस घालवला आणि वर चाळीस हजार हातउसने केले. मी त्याला दिलेली उचल अजून त्याच्या पगारातून वळती होतेय. त्यामुळे कायदा झाला ते बरंच झालं. तक्रार आहे ती लेखकाच्या पुढच्या वाक्याबद्दल, की गेम खेळून कुणाचं भलं झालेलं नाही.

माझं झालंय. ते कसं, तेवढं सांगतो.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्नचं काम करतो. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा पाडायचा नमुना. फाउंड्रीला लागणाऱ्या अशा पॅटर्नचं थ्री-डी ड्रॉइंग ही माझी रोजीरोटी. इंजिनिअरिंगला असताना ‘इटर्नल सायलेन्स’ नावाचा एक मॉड खेळायचो. मॉड म्हणजे कंपनीच्या तयार गेमचं इंजिन, म्हणजे तो ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, घेऊन हौशी लोकांनी वर उभारलेला आपला वेगळा खेळ. हा ‘हाफ-लाइफ २’ वर, म्हणजे २००४ साली आलेल्या गेमच्या सोर्स इंजिनवर बांधलेला होता. करणाऱ्यांना पगार नव्हता आणि खेळणाऱ्यांना तिकीट नव्हतं. मूळ गेमची डीव्हीडी मी पैसे साठवून घेतली होती, त्यापुढे एक रुपया कुणी मागितला नाही.

खेळ दोन संघांत. तुम्ही आपल्या अवाढव्य यानात बंदूक घेऊन पायी उभे असता. धावत हँगरमध्ये जायचं, लढाऊ विमान किंवा बॉम्बर घेऊन बाहेर अंतराळात झेपावायचं आणि शत्रूच्या मोठ्या यानावर तुटून पडायचं. नाहीतर सैनिक भरलेलं गनशिप घेऊन थेट त्याच्या पोटात शिरायचं, उतरायचं आणि आतल्या बोळांतून गोळीबार करत त्याची यंत्रणा उडवायची. विमानाचा एक खेळ आणि बंदुकीचा दुसरा असं नाही. बाहेरची लढाई आणि आतली लढाई एकाच वेळी चाललेली.

तेव्हा घरी बीएसएनएलचं डेटावन होतं. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. २५६ केबीपीएसला तासाभरात जेमतेम शंभर एमबी उतरायचे, म्हणून मॉड उतरवायचा तोही रात्रीच. आणि योगायोग बघा, आपल्याकडे रात्री दोन वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा झालेले असतात. जेवणं उरकून तिकडची मंडळी खेळायला बसायची आणि सर्व्हर भरायचे. वडील रात्रपाळीहून सकाळी घरी आले की मला जागा बघून विचारायचे, “तुला कुठल्या कंपनीत लावलंय रे थर्ड शिफ्टला?”

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या वर असायचं. समोरचा दिसेपर्यंत त्याने आपल्याला मारलेलं असायचं. त्यामुळे बंदुकीने मी कधी कुणाचं फार वाकडं केलं नाही. पण गनशिप चालवायला तेवढी चपळाई लागत नाही, म्हणून मी आपला वडापवाला झालो. हँगरमध्ये गाडी लावायची, पोरं बसेपर्यंत थांबायचं, तोफा चुकवत पलीकडे नेऊन उतरवायचं आणि पुढच्या फेरीसाठी परत. भाषा कळत नव्हती तरी काही दिवसांनी लोक माझ्याच गाडीत येऊन बसायला लागले. याचा आजही अभिमान आहे, हसायचं तर हसा.

पुढे नुसतं खेळून भागेना. हॅमर नावाचा नकाशे बनवायचा एडिटर मूळ गेमबरोबर फुकट मिळायचा, आणि एक्सएसआय या थ्री-डी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती मॉड करणाऱ्यांसाठीच दिलेली होती. हॅमरने पहिल्याच आठवड्यात नाक कापलं. त्या इंजिनात अंतराळ मोकळं सोडता येत नाही! चारी बाजूंना, वर आणि खाली आकाशाचं चित्र लावलेल्या भिंती उभ्या करून अख्खं अंतराळ पेटीत बंद करावं लागतं. कुठे केसाएवढी फट राहिली तर नकाशा ‘लीक’ झाला म्हणून गाडी अडते आणि फटीपर्यंतची वाट लाल रेघेने दाखवली जाते. ती पेटीही केवढी? एका बाजूला फार तर ३२,७६८ युनिट. युनिट साधारण एक इंचाचं धरलं तरी किलोमीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्यात दोन युद्धयानं आणि मधली लढाई बसवायची. लांबचे ग्रह म्हणजे कोपऱ्यात सोळा पट लहान करून ठेवलेली खेळणी, इंजिन ती मोठी करून क्षितिजावर दाखवतं.

मी केलेली दोन यानं कुणीच घेतली नाहीत, आणि नाही घेतली ते बरोबरच केलं. पण आतली पोकळी आणि बाहेरचं कवच एकदम डोळ्यांपुढे धरायची सवय तिथे लागली. कोअर आणि मोल्डचं, म्हणजे ओतकामातल्या आतल्या गाभ्याचं आणि बाहेरच्या साच्याचं, काम दुसरं काय असतं? बंद न झालेल्या कडेतून धातूचा रस बाहेर येतो, हे मला फाउंड्रीत पाऊल टाकायच्या आधी त्या लाल रेघेने शिकवलं.

हा काही माझ्या एकट्याचा नशिबाचा भाग नव्हे. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ चा मॉड म्हणूनच सुरू झाला. ‘डोटा’ म्हणजे ‘वॉरक्राफ्ट ३’ वर हौसेने केलेला नकाशा. घराघरात गेलेल्या पब्जीचा कर्ता ब्रेंडन ग्रीनसुद्धा ‘आर्मा २’ च्या मॉडवरच हात बसवून पुढे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदाही पैशांचे गेम, ई-स्पोर्ट्स आणि साधे सोशल गेम अशी वेगवेगळी वर्गवारी करतो. आपल्या लेखात मात्र तिन्ही एकाच पोत्यात.

मध्यंतरी मुलीला दाखवायला ‘इटर्नल सायलेन्स’ पुन्हा टाकला. सर्व्हरच्या यादीत माणूस नाही. रिकाम्या नकाशात आम्ही दोघंच हँगरमधून फिरलो, तिला गनशिपमध्ये बसवून पलीकडच्या यानापर्यंत एक फेरी मारून आणली. उतरल्यावर तिने विचारलं, “बाबा, यात कॉइन कुठून विकत घ्यायचे?” मोबाइलवर कॉइन विकणाऱ्या गेमखेरीज काही तिने पाहिलेलंच नाही.

एवढंच सुचवायचं आहे. पुढच्या वेळी बातमी पैसे लावायच्या ॲपची असेल तर मथळ्यात ‘ऑनलाइन जुगार’ असं स्वच्छ छापावं आणि ‘गेम’ हा शब्द खेळांसाठी राखून ठेवावा. लेखकाला सवड असेल तर रविवारी शिरोलीला यावं. संगणक चालू आहे, गाडीत जागाही आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर