रोमन फौजेमागचे तह

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील प्राचीन रोमवरचा लेख वाचला. रोमन शिपायाची शिस्त आणि त्याची आखूड तलवार यांचे वर्णन त्यात चांगले उतरले आहे. मात्र रोम बलाढ्य झाले याचे सगळे श्रेय लेखकाने या दोन गोष्टींना दिले, ते पटत नाही. ती तलवार रोमनांनी स्पेनमधल्या लढवय्यांकडून उचलली, आणि तोवर इटली त्यांच्या हाताखाली आलेलीच होती. शिस्तीचे म्हणाल, तर शिस्तीची फौजही सपाटून हरत होती. इ.स.पू. 321 मध्ये कॉडियमच्या खिंडीत इटलीतल्याच डोंगराळ मुलखातल्या सॅम्नाइट लोकांनी सबंध रोमन सैन्य कोंडले आणि शरणागतीची नामुष्की म्हणून जोखडाखालून वाकून जायला लावले. 280 मध्ये हेराक्लिआला एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस याने हरवले, 216 मध्ये कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने तर कत्तलच केली. इतक्यांदा मार खाऊनही जे राज्य पुढच्या वर्षी नवे सैन्य घेऊन उभे राहते, त्याचे बळ रणांगणाबाहेर शोधायला हवे.

ते इ.स.पू. 338 च्या व्यवस्थेत सापडते. रोमच्या आसपासच्या लॅटिन शहरांचे बंड मोडल्यावर रोमने सगळ्यांना एका मापाने मोजले नाही. लानुव्हियम, अरिकिया यांना पूर्ण नागरिकत्व दिले. काप्वाला नागरिकत्व दिले, पण मताचा हक्क नाही. तिबुर आणि प्राएनेस्ते यांची जमीन काढून घेतली, तरी त्यांचा कारभार त्यांच्याकडेच ठेवला. अँटियमच्या लढाऊ नौका काढून घेतल्या आणि त्यांच्या नाळेवरच्या धातूच्या चोची रोमच्या चौकात, भाषणाच्या ओट्याला बसवल्या. खरी मेख पुढेच आहे. उरलेल्या लॅटिन शहरांनी आपापसांत सोयरीक करायची नाही, व्यापार करायचा नाही, सभा भरवायची नाही, असे ठरले. प्रत्येकाचा संबंध फक्त रोमशी. शेजारचे गाव नाराज आहे हे कळले, तरी त्याच्याशी हातमिळवणी करायची वाटच बंद.

अशा तहांनी बांधलेल्या दोस्त शहरांकडून रोमने खंडणी मागितली नाही, माणसे मागितली. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने आकडे दिले आहेत. एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन फौजेच्या मुख्य पलटणीत, साधारण 4200 पायदळ: पहिल्या फळीत 1200 हस्ताती, दुसरीत 1200 प्रिन्किपेस, मागे 600 मुरलेले त्रिआरी आणि पुढे भाले फेकणारे 1200 हलके शिपाई. घोडेस्वार 300. दोस्तांचे पायदळ रोमनांच्या बरोबरीने आणि घोडदळ तिप्पट असे. आपल्या तुकडीचा पगार त्या त्या शहराने द्यायचा. रोम त्यांना धान्य फुकट देई. रोमन शिपायाच्या धान्याचे पैसे मात्र त्याच्या पगारातून कापले जात. माझ्या मते, रोम जवळजवळ दरवर्षी मोहिमेवर का निघे, याचेही एक उत्तर इथेच आहे. खंडणी शांततेतही जमा होते. माणसांच्या रूपातली येणी वसूल करायची तर युद्धच काढावे लागते.

225 मध्ये उत्तरेकडच्या गॉल टोळ्यांच्या स्वारीच्या वेळी रोमन आणि दोस्त यांची मिळून मोजदाद झाली, तेव्हा शस्त्र धरू शकणारे 7 लाखांहून अधिक पायदळ आणि 70 हजार घोडेस्वार भरले. पिऱ्हस इटलीत उतरला तो सुमारे 20 हजार जड पायदळ, 3 हजार स्वार आणि 20 हत्ती घेऊन. त्याचे मेलेले मुरब्बी शिपाई भरून निघत नव्हते, रोमचे निघत होते. समुद्रावरही तेच झाले. 255 मध्ये सिसिलीजवळच्या वादळात रोमच्या 364 पैकी 80 जहाजे वाचली. रोमनांनी लगेच 220 नवी बांधायला घेतली.

पण ऑस्कन, एट्रुस्कन, अंब्रियन बोलणाऱ्या गावांतून आलेल्या माणसांची एक फौज व्हायची कशी? ते काम छावणीने केले. मुक्काम एका रात्रीचा असला तरी खंदक आणि मेढेकोट व्हायचाच, आणि दोस्तांच्या राहुट्यांची जागाही ठरलेली. रात्रीच्या परवलीचे उदाहरण घ्या. सूर्यास्ताला गल्लीच्या टोकाच्या दहाव्या तुकडीचा एक माणूस ट्रिब्यूनच्या, म्हणजे लीजनच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, तंबूत जाऊन परवलीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेई. ती साक्षीदारांसमक्ष शेजारच्या तुकडीच्या नायकाकडे जाई, तिथून पुढच्याकडे, अशी सरकत ट्रिब्यूनांच्या तंबूंजवळच्या पहिल्या तुकडीपर्यंत येई आणि अंधार पडण्याआधी ट्रिब्यूनच्या हातात परत. एखादी पाटी आली नाही, तर ती कुठे अडकली हे खुणांवरून तेव्हाच कळे. पहाऱ्यावर झोपलेल्याला सोबत्यांच्याच काठ्यांनी आणि दगडांनी मरण येई. लेखकाला भावलेली शिस्त ही अशी, रोजच्या कामातून घडलेली.

कॅनीनंतर ही सगळी घडी कसाला लागली. काप्वा फुटले, दक्षिणेतली अनेक शहरे फुटली. रोमने सरकारी खर्चाने 8 हजार गुलाम विकत घेऊन फौजेत भरती केले. रोमने मोक्याच्या जागी वसवलेल्या 30 लॅटिन वसाहती मात्र हॅनिबलला वश झाल्या नाहीत. अल्बा फुसेन्ससारख्या एकेका वसाहतीत 6 हजार कुटुंबे जमिनी देऊन बसवलेली होती, ती जाणार कुठे? तरीही 209 मध्ये त्यांपैकी 12 वसाहतींनी आता माणसेही नाहीत आणि पैसाही नाही, असे साफ सांगितले. उरलेल्या 18 ठाम राहिल्या, म्हणून निभावले. आणि नागरिकत्व मागणारे दोस्त पुढे इ.स.पू. 91 मध्ये बंड करून उठले, ते याच फौजांत घडलेले शिपाई होते.

लेखासोबतच्या नकाशात सबंध इटली एकाच लाल रंगात आहे. पुढच्या भागात तो दुरुस्त करून छापावा ही विनंती. पूर्ण नागरिक, मत नसलेले नागरिक, लॅटिन वसाहती आणि दोस्त शहरे असे चार रंग लागतील.

आपला,
प्राचीन इतिहासाचा एक अभ्यासक, सांगली